गाठ वाढते, प्रतिकार बदलतो : परळ ते खारघर

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले, तेव्हा तेथे ८० खाटा होत्या. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून पुढे हे रुग्णालय उभे राहिले. नवरोजी सकलातवाला यांनी योजनेला आकार दिला. त्यांच्या निधनानंतर जे. आर. डी. टाटांनी ती तडीस नेली. मेहेरबाई या होमी भाभांच्या आत्या. रुग्णालय १९५७मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले, या दुसऱ्या बदलामागे भाभांची दृष्टी होती. नात्याचा ओलावा त्यात असेलही. पण किरणोपचार हा त्या काळी शस्त्रक्रियेखालोखालचा मोठा इलाज होता, आणि किरणोत्सारी द्रव्ये व ती हाताळणारी माणसे अणुऊर्जा विभागाकडेच होती, हे कारण अधिक वजनदार दिसते.

संस्थेचा इतिहास बहुधा इमारती, यंत्रे आणि खाटांच्या संख्येतून सांगितला जातो. येथे त्यातील एकच धागा घेतला आहे: वाढत जाणारी गाठ शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचे काय करते, या प्रश्नाशी या संस्थेचा आलेला संबंध. हा संबंध सलग नाही. काही दशके तो जवळजवळ अदृश्य आहे आणि काही ठिकाणी तो भलत्याच रोगाच्या वाटेने आलेला आहे.

प्रयोगशाळांची जबाबदारी आरंभापासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. गोमंतकीय कुटुंबात, पण क्वेट्ट्याला १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. घेऊन परतले, ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिकवले आणि मग ते टाटामध्ये आले. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीइतकेच त्यांचे लक्ष रुग्णाच्या राहणीकडे असे. तंबाखू-चुन्याची गोळी ओठामागे नेमकी कोठे धरली जाते, धोतर कमरेला कोठे काचते, आणि गाठ नेमकी तेथेच का उठते, हे त्यांनी १९४५मध्ये मांडले. केंद्र सरकारने १९५२मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले, त्याचे ते संस्थापक संचालक झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ म्हणत. १९६६मध्ये रुग्णालय आणि हे केंद्र एका छत्राखाली आले. एकत्रित संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाने आणि तिची संशोधनशाखा कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

आयसीआरसी सुरू झाले त्या काळात ‘कर्करोगाविरुद्ध प्रतिकार’ ही कल्पना जगभरच संशयाच्या छायेत होती. पॉल एर्लिख यांनी १९०९मध्ये असे सुचवले होते की शरीरात अशा बेशिस्त पेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि प्रतिकारयंत्रणा त्यांना वेळीच आवरत असावी. पुढची चाळीस वर्षे संशोधकांनी एका उंदराची गाठ दुसऱ्याला लावून पाहिली. दुसऱ्या उंदराने ती झिडकारली की प्रतिकार सापडल्याचा आनंद होई. प्रत्यक्षात ते दोन उंदीर एकमेकांना परके असत, आणि गाठीऐवजी साधी कातडी लावली असती तरी ती झिडकारलीच गेली असती. हा घोळ सुटला तो पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांत वीण करून तयार केलेल्या, जवळजवळ एकसारख्या उंदरांमुळे. अशा उंदरांत रसायन टोचून गाठ उठवायची, ती कापून काढायची, आणि पुन्हा तीच गाठ त्याला लावायची. प्रेन आणि मेन यांनी १९५७मध्ये दाखवले की ती आता रुजत नाही. त्याच वंशाच्या दुसऱ्या उंदराची कातडी मात्र तो निमूट स्वीकारतो, आणि वेगळी गाठ लावली तर ती वाढतेच. म्हणजे प्रत्येक गाठीवर तिची स्वतःची अशी काही खूण असते आणि शरीर ती ओळखते. त्याच सुमारास मॅकफार्लेन बर्नेट व लुईस थॉमस यांनी एर्लिख यांच्या कल्पनेला ‘प्रतिकारयंत्रणेची पहारेदारी’ असे रूप दिले.

परळला उंदरांचे काम होते, पण ते निराळ्या कारणाने. डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये झालेले. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि त्या जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. ‘हेला’ पेशी ज्यांनी वाढवल्या तेच हे गे. परत आल्यावर रणदिवे यांनी परळला देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती असलेला आयसीआरसी नावाचा उंदीरवंशही याच संस्थेत तयार झाला. उंदरीच्या दुधातून पिलांकडे जाणारा एक घटक या रोगाला कारण होतो, हे जॉन बिटनर यांनी १९३६मध्ये दाखवले होते; तो घटक विषाणू निघाला. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संस्थेचे प्रभारी संचालकपदही सांभाळले आणि १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

दुधातल्या या विषाणूची गोष्ट या लेखाच्या विषयाला अगदी लागून आहे, मात्र ते उमगायला १९९१ साल उजाडले. तोपर्यंत एवढेच ठाऊक होते की दूध पिऊन विषाणू घेतलेली पिले त्याच्याविरुद्ध फारसे लढत नाहीत. नंतर कळले की हा विषाणू एक असे प्रथिन बनवतो, जे टी-पेशी या लढाऊ पांढऱ्या पेशींच्या एका अख्ख्या गटाला एकदम डिवचते, आणि लहान वयात असा अतिरेकाने डिवचलेला गट हळूहळू नाहीसाच होतो. उंदरी मोठी होऊन तिला गाठ येण्याच्या कितीतरी आधी तिच्या सैन्यातली एक तुकडी बाद झालेली असते. या कथेत प्रतिकार बदलतो तो गाठीच्या आधी. माणसाच्या बहुतेक गाठींत क्रम उलटा आहे.

‘शरीर का लढत नाही’ हा प्रश्न परळच्या प्रयोगशाळेत सर्वांत स्पष्टपणे विचारला गेला तो कुष्ठरोगाच्या संदर्भात. खानोलकरांना कुष्ठरोगाच्या विकृतिशास्त्रात पहिल्यापासून रस होता. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून वेगळा केलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. तो पुढे ‘आयसीआरसी जिवाणू’ म्हणून ओळखला गेला. कुष्ठरोगाच्या एका टोकाच्या प्रकारात त्वचा जिवाणूंनी खच्चून भरलेली असते, आणि रुग्णाची प्रतिकारयंत्रणा इतर जंतूंशी बऱ्यापैकी लढत असूनही या एकाच जंतूपुढे स्वस्थ बसते. डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली याच जिवाणूपासून, तो गॅमा किरणांनी मारून, लस बनवली गेली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८मध्ये जाहीर झाले, नुसत्या बीसीजीच्या जवळजवळ दुप्पट. कर्करोग संस्थेने कुष्ठरोगाची लस का करावी, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण शत्रू समोर ढळढळीत दिसत असताना प्रतिकार नेमका त्याच्यापुरता मुका होणे, हे दृश्य दोन्ही रोगांत सारखे आहे, आणि संस्थेला ते कुष्ठरोगात आधी दिसले.

गाठींच्या बाबतीत हे दृश्य अधिक गुंतागुंतीचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच एर्लिख यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. उंदराच्या अंगावर एक गाठ वाढत असताना त्याच जातीची दुसरी गाठ दुसरीकडे लावली, तर ती पुष्कळदा रुजत नाही. पहिली मात्र खुशाल वाढत राहते. म्हणजे शरीर लढत नाही असे नव्हे. ते दुसऱ्या गाठीला हाकलून लावण्याइतके समर्थ असते. पुढे अमेरिकेत रॉबर्ट नॉर्थ यांनी या घटनेचा कालक्रम लावला. गाठ लावल्यानंतर काही दिवसांत हा प्रतिकार जन्मतो, वाढतो, आणि गाठ एका आकारापलीकडे गेली की ओसरू लागतो. ओसरण्याच्या काळात प्लीहेत अशा टी-पेशी सापडतात ज्या इतर टी-पेशींना आवरतात. उंदीर तोच, गाठही तीच. फक्त तिच्या वयानुसार उत्तर बदलते.

माणसांत हेच कोडे इंगेगर्ड आणि कार्ल हेलस्ट्रॉम या दांपत्याने १९६८मध्ये मांडले. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत त्याच्याच गाठीच्या पेशींना मारतात, आणि त्याच वेळी रुग्णाच्या शरीरात ती गाठ वाढत असते. बशीत रुग्णाच्या रक्ताचा द्रव मिसळला की मारण्याची क्षमता अनेकदा घटते. गाठीतून काहीतरी रक्तात उतरते आणि पेशींना अडवते, असा त्याचा अर्थ लावला गेला. दोन वर्षांनी आयल्बर आणि मॉर्टन यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या कर्करुग्णांच्या त्वचेवर एक रसायन लावून पाहिले. निरोगी माणसात काही दिवसांनी पुन्हा लावल्यावर तेथे लाली आणि सूज येते. ज्या रुग्णांत काहीच उमटले नाही, त्यांच्यात रोग लवकर उलटण्याचे प्रमाण अधिक होते. गाठीचा परिणाम गाठीच्या जागेपुरता राहत नाही. दूरच्या हातावरच्या कातडीतही तो दिसतो.

कर्करोग संशोधन संस्थेतील प्रतिकारशास्त्र विभाग या पार्श्वभूमीवर वाढला. त्याच्या उभारणीशी डॉ. सुधा गांगल यांचे नाव जोडलेले आहे. कर्करुग्णांच्या लसीकापेशी उद्दीपन दिल्यावर किती जोमाने विभागतात, गाठीच्या पेशींना त्या ओळखतात काय, हे त्यांच्या विभागाचे विषय होते. येथे परळची एक खासियत नोंदवली पाहिजे. परदेशी प्रयोगशाळांत उंदराच्या कातडीखाली आठवडाभराची, वाटाण्याएवढी गाठ असे. परळच्या बाह्यरुग्ण विभागात मुखकर्करोगाचा रुग्ण येई तो बऱ्याचदा गालाला आरपार छिद्र पडल्यावर, मानेत गाठी उतरल्यावर, खाणेपिणे बंद झाल्यावर. अशा रुग्णाच्या रक्तातील टी-पेशींचा मंदपणा गाठीमुळे किती, उपासमारीमुळे किती आणि तोंडातल्या सततच्या जंतुसंसर्गामुळे किती, हे वेगळे काढणे कठीण असते. पण गाठ बरीच वाढल्यानंतरचा प्रतिकार अभ्यासायला याहून अधिक साहित्य जगात क्वचितच कोणाकडे असेल. पहारेदारीचा सिद्धान्त गाठ उगवण्याआधीची गोष्ट सांगतो. परळ पहिल्यापासून त्या गोष्टीच्या शेवटच्या प्रकरणाशी झगडत होते.

दरम्यान पहारेदारीच्या सिद्धान्तालाच धक्का बसला. ओसियास स्टुटमन यांनी १९७४मध्ये टी-पेशी नसलेल्या केसविरहित उंदरांना रसायन टोचून पाहिले. त्यांना गाठी इतर उंदरांपेक्षा अधिक आल्या नाहीत. पुढे पंचवीसेक वर्षे हा विषय बऱ्यापैकी थंडावला. त्या उंदरांत नैसर्गिक मारक पेशी शाबूत असतात आणि थोड्या टी-पेशीही असतात, हे उशिरा लक्षात आले. रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने २००१मध्ये टी-पेशी मुळीच नसलेले उंदीर वापरले, तेव्हा गाठी खरोखरच जास्त आल्या. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट दिसली. प्रतिकार नसलेल्या उंदरात वाढलेली गाठ काढून धडधाकट उंदराला लावली की पुष्कळदा ती झिडकारली जाते. धडधाकट उंदरात वाढलेली गाठ दुसऱ्या धडधाकट उंदरात सहज रुजते. प्रतिकाराच्या सहवासात वाढलेली गाठ त्या प्रतिकाराला पुरून उरण्यासाठी निवडली गेलेली असते. ज्या पेशींवर ओळखीची खूण ठळक होती त्या मारल्या गेल्या, ज्यांच्यावर पुसट होती त्या उरल्या आणि वाढल्या. निर्मूलन, समतोल आणि निसटणे असे याचे तीन टप्पे मानले जातात. डॉक्टरांना जी गाठ हाताला लागते ती तिसऱ्या टप्प्यातली असते.

निसटण्याचे मार्ग बरेच आहेत आणि एकच गाठ त्यांतले अनेक वापरते. पेशीच्या आत काय चालले आहे याचे नमुने पृष्ठभागावर मांडणारे रेणू ती कमी करते, त्यामुळे मारक टी-पेशीला दिसायलाच काही उरत नाही. टीजीएफ-बीटा व आयएल-१० यांसारखी शामक द्रव्ये ती सोडते. रक्तवाहिन्या ओढून आणण्यासाठी सोडलेले व्हीईजीएफ हे द्रव्य जाताजाता डेन्ड्रायटिक पेशींना अपक्व ठेवते. या पेशींचे काम गाठीचे तुकडे लसीकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवण्याचे. त्या अर्धकच्च्या राहिल्या तर टी-पेशी लढायला शिकण्याऐवजी गप्प राहायला शिकतात. गाठीतला ग्लुकोज तिच्या भुकेल्या पेशी फस्त करतात, लॅक्टिक आम्ल साठते, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडले जाते, आणि आत शिरलेल्या टी-पेशी अक्षरशः उपाशी पडतात. अस्थिमज्जेलाही निरोप जातात. तेथून अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने बाहेर पडतात, गाठीत व प्लीहेत गोळा होतात आणि टी-पेशींचे काम बंद पाडतात. जखमा भरून काढणाऱ्या मॅक्रोफाज पेशी गाठीत येऊन जखम भरावी तसे गाठीचे पोषण करू लागतात. शरीराच्या स्वतःच्या ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून असलेल्या नियामक टी-पेशी गाठीभोवती जमतात. शिमोन साकागुची यांनी त्या १९९५मध्ये ओळखल्या आणि २०२५चे वैद्यकाचे नोबेल त्यांना व आणखी दोघांना याच शोधमालिकेसाठी मिळाले. नॉर्थ यांना उंदराच्या प्लीहेत दिसलेल्या ‘आवरणाऱ्या’ पेशींना अशा रीतीने उशिरा का होईना, नाव-गाव मिळाले.

टाटा रुग्णालयात गाठीविरुद्ध परक्या प्रतिकारयंत्रणेचा उपयोग पहिल्यांदा झाला तो २० मार्च १९८३ रोजी, डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले तेव्हा. रुग्ण रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची मुलगी होती आणि मज्जा तिच्या भावाची. सिॲटलला डोनाल थॉमस यांच्याकडे अडवाणींनी हे तंत्र शिकले होते. नव्या मज्जेचे काम केवळ रिकामी जागा भरण्याचे नसते. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या उरल्यासुरल्या कर्कपेशींना परके समजून मारतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी ज्यांच्यापुढे हरल्या किंवा ज्यांना सरावल्या, त्यांच्याशी दुसऱ्याच्या पेशी ताज्या दमाने लढतात. त्याची किंमतही असते: त्याच पेशी रुग्णाची कातडी, यकृत आणि आतडी यांवरही उलटू शकतात.

कर्करोग संशोधन संस्था २००२मध्ये परळहून नवी मुंबईत खारघरला गेली. ६० एकरांच्या त्या आवारातल्या केंद्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. परळची दाटी सुटली. मात्र ताजी गाठ शस्त्रक्रियागृहातून जिना चढून प्रयोगशाळेत नेण्याची सोयही सुटली.

या स्थलांतराच्या आधी आणि नंतर डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या प्रयोगशाळेत झालेले काम या इतिहासातला सर्वांत बोलका भाग आहे. बहुतेक टी-पेशी समोरच्या पेशीने ठरावीक साच्यात मांडलेले नमुनेच ओळखतात. गॅमा-डेल्टा टी-पेशींना त्या साच्याची गरज नसते. रक्तातील टी-पेशींत त्यांचे प्रमाण शेकड्यात मोजकेच, पण जी गाठ आपला साचा लपवते तिलाही त्या ओळखू शकतात. चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवले की मुखकर्करोगाच्या पेशींवरील एका ताण-प्रथिनाला, एचएसपी-६०ला, या पेशी ओळखतात. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या गाठींबाबतही असेच काम प्रसिद्ध झाले, तेथे गाठी रुग्णांच्या स्वतःच्याही होत्या. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी झोलेड्रोनेटसारखी औषधे कर्कपेशींना लावली की गॅमा-डेल्टा पेशी त्यांच्यावर अधिक तुटून पडतात, हेही या प्रयोगशाळेने अभ्यासले. एवढे वाचून या पेशी म्हणजे रुग्णाचे हुकमी मित्र असे वाटले तर नवल नाही.

मग पित्ताशयाच्या कर्करोगाचा अभ्यास आला. हा रोग गंगेच्या खोऱ्यात फार, आणि तेथील रुग्ण मोठ्या संख्येने मुंबईची गाडी धरतात. ऋषिकेश पाटील, चिपळूणकर आणि टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक यांनी २०१६मध्ये जे प्रसिद्ध केले ते आधीच्या चित्राला छेद देणारे होते. या रुग्णांत गॅमा-डेल्टा पेशींचा एक गट आयएल-१७ हे द्रव्य सोडत होता, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होत होती, आणि ज्यांच्यात हा गट जास्त त्यांचे आयुष्य कमी असल्याचे दिसले. पेशींचे कुळ तेच. गाठीने आपल्या भोवतीच्या रसायनांतून त्यांना वेगळ्या कामाला लावले होते. गाठ प्रतिकार ‘कमी’ करते असे सरसकट म्हटले जाते; पित्ताशयाच्या या अभ्यासात प्रतिकार कमी झालेला नाही, त्याची दिशा फिरली आहे. लढणाऱ्या पेशी वाढवून रुग्णाला देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा असा आहे.

याच दशकात रुग्णालयातून आणखी एक निष्कर्ष आला, ज्याचा या विषयाशी आडून संबंध आहे. शरीरभर पसरलेल्या स्तनकर्करोगात स्तनातली मूळ गाठ काढावी की नाही, याची ३५० स्त्रियांवरील चाचणी डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केली. गाठ काढल्याने आयुष्य वाढले नाही, उलट दूरच्या गाठी वाढण्याचे प्रमाण काढलेल्या गटात अधिक होते. मूळ गाठ काढल्यावर लांबच्या गाठी फोफावतात हे प्राण्यांत पूर्वीच दिसले होते. त्यात प्रतिकाराचा वाटा किती आणि रक्तवाहिन्यांना आवर घालणाऱ्या द्रव्यांचा किती, हा वाद मिटलेला नाही. एर्लिख यांच्या दोन गाठींच्या उंदराची आठवण मात्र होते.

निसटण्याचा जो मार्ग उपचाराच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरला तो टी-पेशींच्या स्वतःच्या लगामांचा. तासुकु होंजो यांनी १९९२मध्ये पीडी-१ हा रेणू शोधला. जेम्स ॲलिसन यांनी १९९६मध्ये सीटीएलए-४ हा दुसरा लगाम अडवून उंदरांच्या गाठी विरघळवल्या. २०१८चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. लढाई लांबली की टी-पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ वाढते. गाठ त्याचा जोडीदार रेणू स्वतःच्या अंगावर मिरवते, आणि दोघांची गाठ पडताच टी-पेशी थांबते. यातला विरोधाभास असा की गाठ हा जोडीदार बहुधा टी-पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉनला उत्तर म्हणूनच वाढवते. हल्ला झाला नसता तर ढाल उगारली गेली नसती. म्हणून ज्या गाठींत टी-पेशी आधीच शिरलेल्या असतात तेथे ही औषधे अधिक चालतात.

औषधे आली, पण त्यांची किंमत परळच्या रांगेतल्या माणसाच्या आवाक्यात नव्हती. येथे संस्थेने केलेले काम जगाने दखल घ्यावी असे आहे. निव्होलुमॅब या पीडी-१ अडवणाऱ्या औषधाच्या पहिल्या चाचणीतच, २०१०मध्ये, दिसले होते की शरीराच्या वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम द्या की ०.३ मिलिग्रॅम, टी-पेशींवरील पीडी-१ जवळपास सारख्याच प्रमाणात व्यापले जाते. तरी प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम अशी ठरली. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२०ऐवजी ४० मिलिग्रॅम, म्हणजे अठरावा भाग. जोडीला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या दोन्ही गटांना होत्या. त्यांतली सेलेकॉक्सिब सांधेदुखीची गोळी. गाठ ज्या प्रोस्टाग्लँडिनने टी-पेशींना मंदावते त्याचे उत्पादन ती कमी करते. १५१ रुग्णांच्या या चाचणीचे निकाल २०२२मध्ये आले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, निव्होलुमॅबही मिळालेल्या गटात ४३.४ टक्के, मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. तीन-साडेतीन महिने हा आकडा लहान वाटेल. पण हे रुग्ण तेच, ज्यांच्या रक्तातल्या टी-पेशींचा थकवा परळला दशकानुदशके मोजला जात होता. त्या टी-पेशींत अजून जान आहे, एवढे या चाचणीने दाखवले.

दुसरा मार्ग टी-पेशी बाहेर काढून बदलण्याचा. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार यांचा गट, ॲक्ट्रेकचे डॉ. हसमुख जैन आणि टाटा रुग्णालयातील बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरुला यांनी कर्कपेशींवरील सीडी-१९ ही खूण ओळखणारी सीएआर-टी उपचारपद्धती देशात विकसित केली. रुग्णाच्याच टी-पेशींत प्रयोगशाळेत नवा ग्राही बसवला जातो, त्या वाढवल्या जातात आणि परत दिल्या जातात. गाठीने लपवलेल्या साच्याची या पेशींना गरज उरत नाही. ॲक्ट्रेकमधील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी पहिल्या रुग्णाला त्या दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत तिचे लोकार्पण झाले. अमेरिकेत कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार येथे काही दशलक्षांत आला. ६४ रुग्णांच्या चाचणीचा अहवाल २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम मोजता आलेल्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांत रोगाने प्रतिसाद दिला होता.

हे यश रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या कर्करोगांतले आहे. कर्कपेशी तेथे रक्तात, मज्जेत व लसीकाग्रंथींत असतात, जेथे टी-पेशींचा वावर असतोच, आणि सीडी-१९ ही खूण जवळजवळ प्रत्येक रोगी पेशीवर असते. गालातली किंवा पित्ताशयातली घट्ट गाठ निराळी. तिच्यात एकच समान खूण क्वचित मिळते, शिरायला वाट अरुंद असते, आणि आत शिरलेल्या नव्या टी-पेशीलाही तोच आम्लपणा, तीच उपासमार, त्याच शामक द्रव्यांना तोंड द्यावे लागते, ज्यांनी जुन्या टी-पेशींना थकवले. त्यामुळे घट्ट गाठींसाठी सीएआर-टी अजून जगात कोठेच रुळलेली नाही. काही प्रयोगशाळा पीडी-१ कापून टाकलेल्या टी-पेशी तयार करत आहेत, काही गाठीच्या आतच आयएल-१२सारखे चेतवणारे द्रव्य सोडणाऱ्या, तर काही गॅमा-डेल्टा पेशींनाच सीएआर जोडणाऱ्या.